स्वच्छ प्रत

१

ग्रंथालयातल्या सकाळचा क्रम ठरलेला असे. आधी खिडक्या उघडायच्या, मग पंखे, मग ताजी वर्तमानपत्रं लाकडी दांड्यांना अडकवायची, आणि तेवढ्यात तळघरातून तो आवाज सुरू व्हायचा. घर्रर्र, मग जराशी शांतता, मग खाट्. पुस्तकाचा कणा कापला जाण्याचा आवाज.

छोटी इथली ग्रंथपाल. पन्नाशीला टेकलेली बाई, चष्मा दोरीला बांधून गळ्यात, आणि नजर अशी की शांतता राखण्याची पाटी लावायची गरज पडू नये. कामावर सगळे तिला मॅडम म्हणत. थोरली बहीण मात्र अजूनही छोटीच म्हणायची आणि त्या हाकेवर तिचा जीव होता, म्हणून आपणही तिला छोटीच म्हणू.

वर्षभरापूर्वी वरून आदेश आला होता. यापुढे वाचक पुस्तकं पडद्यावर वाचतील. सगळी पुस्तकं स्कॅन करायची, आणि एकेक पान हातानं उलटत बसायला कुणाला वेळ नाही, म्हणून आधी कणा कापायचा. कणा गेला की पुस्तकाचे सुटे कागद होतात. ते स्कॅनरच्या एका तोंडातून आत जात, दुसऱ्यातून बाहेर पडत आणि तसेच पुढे तुकडे करणाऱ्या यंत्रात. संध्याकाळी कागदाच्या पट्ट्यांची पोती बाहेर निघत. सूट एकच होती. एखाद्या पुस्तकाच्या दोन प्रती असल्या तर त्यातली चांगली कपाटात राहू द्यायची, दुसरी खाली पाठवायची.

चांगली कुठली हे ठरवणं छोटीचं काम. तिला ज्यांनी हा धंदा शिकवला त्या जुन्या ग्रंथपालांचा एक हट्ट असे. प्रत रद्द करण्याआधी जी ठेवायची तिची पानं मोजायची. ते म्हणायचे, "स्वच्छ प्रत स्वच्छ का राहिली, हे आधी विचार. कधी बांधणीत सोळा पानांचा अख्खा फर्मा राहून जातो. वाचणारा तिथवर जातो, वैतागतो, परत आणून टाकतो. मग तिला हात कोण लावणार? राहते ती कोरी करकरीत."

छोटीनं अनेक वर्षं इमानेइतबारे पानं मोजली. पण आता रोज हातगाडी भरून पुस्तकं खाली जायला हवी होती, आणि मोजत बसलं तर गाडी अर्धीही भरेना. त्यामुळे तिनं मोजणं सोडलं. नुसतं बघायचं. मळकी दिसली की पहिल्या पानावर ‘रद्द’चा शिक्का.

त्या सोमवारी तिच्या टेबलावर मधमाश्यांवरचं एक जुनं पुस्तक आलं. दोन प्रती. एकीचे कोपरे दुमडलेले, कडेला कुणीतरी पेन्सिलीनं हुज्जत घातलेली, मुखपृष्ठावर कपाचा गोल डाग आणि कण्याला चिकटपट्टी. दुसरी काल छापखान्यातून आल्यासारखी. छोटीनं दोन्हींचे दाखल क्रमांक पाहिले आणि चष्मा पुसून पुन्हा पाहिले.

दोन्हींवर एकच आकडा होता. पुस्तक ग्रंथालयात आलं की त्याला हा क्रमांक मिळतो. तो जन्मभराचा असतो आणि दुसऱ्या कुणाला कधी दिला जात नाही. हवं तर म्हणू की कारकुनाची चूक झाली. पण शिक्का दोन्हीकडे सारखाच तिरपा पडला होता, आणि त्यातल्या शाईचा फराटाही सारखाच होता. शिवाय या पुस्तकाची दुसरी प्रत ग्रंथालयानं कधी घेतलीच नव्हती. ती चिकटपट्टी छोटीनं स्वतः लावली होती.

"कारकुनाचीच चूक," ती स्वतःशी म्हणाली, आणि मळक्या प्रतीवर शिक्का मारून मोकळी झाली.

२

ते पुस्तक ती स्वतःच घेऊन तळघरात गेली. कटरवाला ठेकेदाराचा माणूस, मान आणि खांदे एकाच मापाचे, तोंडात सतत काहीतरी चघळणं चालू. कामाला वाघ आणि बोलायला त्याहून.

"द्या मॅडम, पटकन उरकतो."

त्यानं पुस्तक दाबाखाली सरकवलं आणि चाक फिरवलं. दाबाची पट्टी खाली आली तसा पुस्तकातून हवा सुटल्याचा बारीक आवाज झाला. त्यानं दांडा ओढला. पातं अर्ध्यावर जाऊन अडकलं. कटरवाल्यानं शिवी हासडली, खालच्या फळीवर पाय रोवला आणि दोन्ही हातांनी जोर लावला. कण्यातले दोरे एकेक करून तुटले, आणि मग कणा फरशीवर पडला, वाळक्या डिंकासकट.

"चिवट होतं," तो घाम पुसत म्हणाला. "म्हातारी पुस्तकं जरा हातपाय झाडतात. नवी कशी निमूट कापून घेतात."

"पुस्तकांना हातपाय नसतात," छोटी म्हणाली.

"मॅडम, इथे दिवसभर तुम्ही उभ्या राहा, मग सांगा."

ती हसली. हसायला नको होतं असं तिला जिन्यावर वाटलं, पण का ते कळेना.

त्यानंतर जोड्या वाढत गेल्या. कालपर्यंत एकच असलेलं पुस्तक सकाळी शेजारी शेजारी दोन उभं असे. आकडा तोच, शिक्का तोच, एक थकलेलं आणि एक ताजं. कुणीतरी छापून आणून ठेवतंय, तिनं ठरवलं. वरच्यांचीच काहीतरी नवी योजना असेल, आपल्याला सांगायची पद्धत कुठे आहे? तिनं एकदा फोनही केला. पलीकडचा माणूस म्हणाला, "दोन असतील तर चांगली ठेवा. अडचण काय आहे?" तिनं फोन ठेवला आणि पुढची जोडी ओढली.

आणि खरं सांगायचं तर तिला ते आवडू लागलं होतं. एकेक कपाट उजळत चाललं होतं. कुणाची थुंकी लागलेली पानं नाहीत, डाग नाहीत, कुणाच्या रेघोट्या नाहीत. खालून खाट् आवाज आला की तिच्या छातीत काहीतरी मोकळं होई. घर झाडून काढल्यावर होतं तसं.

३

वाचनकक्षात रोज येणारे एक आजोबा होते. त्यांना सगळे पेपरवाले आजोबा म्हणत. बाह्या विरलेला तपकिरी लोकरी कोट, खोकला, आणि जीभ लावून पान उलटायची सवय. वर्तमानपत्र आधी कुणी घेतलं की त्या माणसाशी त्यांचं भांडण ठरलेलं. एकदा तर त्यांनी एका प्राध्यापकाची कॉलर धरली होती. छोटीला त्यांनी अनेकदा रडकुंडीला आणलं होतं.

एका सकाळी ते खिडकीजवळच्या नेहमीच्या खुर्चीवर बसले होते, आणि कपाटाजवळ उभेही होते.

उभ्या असलेल्यांचा कोट नवा होता. गाल भरलेले, दाढी घोटलेली. जुळे भाऊ, छोटीच्या मनात आलं. असतात लोकांना जुळे भाऊ, त्यात काय? नवे आजोबा तिच्या टेबलाशी आले आणि हळू आवाजात म्हणाले, "ती खुर्ची रिकामी होईल का?"

छोटी उठली. रोज शेकडो वेळा जे करत होती तेच तिच्या हातून झालं. तिनं एकाकडे पाहिलं, दुसऱ्याकडे पाहिलं. मग ती खिडकीपाशी गेली.

"आजोबा, इथे जरा गर्दी झालीय. तुम्ही खाली जाऊन बसा."

"खाली काय आहे?" ते खेकसले.

"बसायला जागा आहे."

त्यांनी तिच्या खांद्यावरून मागे पाहिलं. नवा कोट पाहिला. मग एरवी कॉलर धरणारा तो माणूस उठला. कठड्याला धरून एकेक पायरी खाली उतरला.

थोड्या वेळानं तळघरात काहीतरी जड पडलं. कुणीतरी ओरडलं, आणि ते ओरडणं मध्येच तोंड दाबल्यासारखं बंद झालं. मग खाट्. मग पुन्हा, आणि पुन्हा. वाचनकक्षातल्या सगळ्या माना वर झाल्या आणि परत खाली गेल्या. छोटीच्या हातात त्या वेळी डिंकाची बाटली होती. ती बाटली तिनं इतकी घट्ट धरली की डिंक तिच्या मनगटावर ओघळला.

संध्याकाळी कटरवाला वर आला तेव्हा त्याच्या डोळ्यापासून हनुवटीपर्यंत नखांचे ओरखडे होते आणि शर्टाची एक बाही फाटून लोंबत होती.

"काय झालं तुम्हाला?"

"आज एक जाडजूड आलं, मॅडम. दाब पुरेना, गुडघा टेकवावा लागला."

त्याच्या मागे पोती होती. एका पोत्याचा तळ ओला होता. कागदाच्या पट्ट्यांतून एक तपकिरी पट्टी बाहेर आली होती, लोकरीची. जुन्या बांधणीला कापड असतं, छोटीनं स्वतःला समजावलं. लोकरीची बांधणी तिनं कधी पाहिली नव्हती, पण जगात काय सगळंच आपण पाहिलेलं असतं?

दुसऱ्या दिवसापासून खिडकीजवळ नवे आजोबा बसू लागले. पान हलकेच उलटत. कुणाशी भांडत नसत. सगळ्यांना ते फार आवडले.

४

ग्रंथालयाच्या मागच्या बाजूला, जिन्याच्या वर, ग्रंथपालासाठी दोन खोल्या होत्या. तिथे छोटी आणि ताई राहत. जिन्याचं एक दार वाचनकक्षात उघडे आणि तोच जिना पुढे तळघरात जाई.

ताईचा डावा डोळा पांढरा होता. उजव्या हाताची दोन बोटं मोडून वाकडीच जुळली होती. अलीकडे पायही साथ देईनासे झाले होते आणि जीभ मात्र दिवसेंदिवस धारदार होत होती. छोटी तिला भरवी, न्हाऊ घाली, तिची औषधं पाही, आणि त्याबद्दल शिव्या खाई. एके दिवशी सकाळी ताईनं चहाचा कप भिरकावला. "मेलेय का मी? थंड चहा देतेस?" कप छोटीच्या कपाळाला लागला. रक्त आलं. छोटीनं कप उचलला आणि चहा गरम करून आणला.

ताईला बोलणार तरी कशी? तो डोळा कसा गेला हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? आई गेल्यानंतरची ती वर्षं. बाबा कामावरून परत येत तेव्हा जिन्याखालीच कमरेचा पट्टा काढत. पट्टा सुटतानाची ती सरसर वर येईपर्यंत छोटी ताईच्या पाठीमागे लपलेली असे. ताई तेव्हा स्वतःच अर्धी पोर होती. ती दारात उभी राही, दोन्ही हात पसरून, आणि छोटीच्या वाट्याचं सगळं अंगावर घेई. बोटं एका वर्षी गेली. डोळा पुढच्या वर्षी, बकल लागून. छोटीच्या अंगावर आजही त्या घराचा एक ओरखडा नव्हता. बाबा मरूनही जमाना झाला, पण ताईच्या त्या पांढऱ्या डोळ्यासमोर उभं राहिलं की छोटीची नजर अजून आपोआप खाली जाई. प्रेम होतंच. पण त्या डोळ्याचं ओझं प्रेमाहून जड होतं.

त्या दिवशी दुपारी ती जेवायला वर आली आणि तिनं दार ढकललं. खिडकीशी ताई उभी होती, ताठ. दोन्ही डोळे काळेभोर. बोटं सरळ.

"आलीस? हात धू, मी वाढते," ती म्हणाली. आवाज मऊ.

आणि पलंगावर ताई बसली होती, काठी आवळून धरलेली, उरलेला डोळा विस्फारलेला.

"छोटे, हिला बाहेर काढ!" ताई ओरडली. "कोण आहे ही बया? मघापासून माझ्या घरात माझ्यासारखी फिरतेय!"

ताई पलंगावरून उठली, लटपटली, आणि काठी उगारून दुसरीच्या तोंडावर घातली. एकदा, दोनदा. काठीचे दोन तुकडे झाले. दुसरी ताई जागची हलली नाही. तिच्या गालावर साधा वळही उमटला नाही.

"बिचारी," ती म्हणाली. "हिला फार त्रास होतोय गं."

छोटीनं तिच्या डोळ्यांत पाहिलं. दोन्ही डोळ्यांत. आणि आयुष्यात पहिल्यांदा बहिणीकडे बघताना तिला अपराधी वाटलं नाही. तिथे फेडायचं काहीच नव्हतं. ही ताई धडधाकट होती. हिला कुणी मारलं नव्हतं. छोटीला रडू आलं, पण सुटल्याचं रडू होतं ते.

"ताई," ती पलंगाजवळच्या ताईला म्हणाली, "तू जरा खाली जाऊन बस."

ताईनं मोडक्या काठीचा तुकडा छातीशी धरला.

"थोडा वेळच. हा घोळ निस्तरला की मी येते न्यायला."

"छोटे, खाली काय आहे ते रोज ऐकतेय मी."

"चल, ताई."

"नाही येणार!"

पुढचं कुणी छोटीला विचारलं असतं तर तिनं शपथेवर सांगितलं असतं की तिनं ताईला फक्त आधार दिला. पण ताईनं दाराची चौकट धरली तेव्हा ती बोटं छोटीनंच सोडवली. सरळ होती ती लगेच सुटली. वाकडी दोन चौकटीत आकड्यासारखी अडकून बसली होती, ती मागे वाकवावी लागली. त्यातलं एक कडकन मोडलं. ताई किंचाळली नाही. तिनं छोटीच्या दंडाचा चावा घेतला, मग सोडला, आणि नुसतंच म्हणाली, "छोटे, अगं मी आहे."

पायऱ्यांवरून दोघी कशाबशा खाली आल्या. तळघराच्या दारात कटरवाला उभा होता, हात पुसत.

"द्या," तो म्हणाला.

छोटीनं दिलं. दार बंद झालं. ती पायरीवर बसली आणि दोन्ही कानांवर हात दाबून धरले. पण ते दणके कानांनी येतच नव्हते, ते पायरीच्या दगडातून येत होते.

५

"आणखी घे ना," ताई म्हणाली. "काहीच जेवली नाहीस."

टेबलावर दुपारचं ऊन आलं होतं. ताईनं छोटीच्या कपाळावरची जखम पुसून दिली, दंडावर पट्टी बांधली. कसली जखम हे विचारलं नाही. छोटी तिच्या हातांकडे बघत राहिली. किती हलके होते ते हात. आता असंच चालेल, छोटीच्या मनात आलं. रोज. कुणी कप फेकणार नाही.

"ताई, तुला आपली जुनी खोली आठवते? जिन्यावरची?"

"आठवते की. खिडकीला निळे गज होते."

"आणि आई गेली तो दिवस?"

"अगदी. तू माझ्या मांडीवर झोपली होतीस."

छोटीला हायसं वाटलं. ताईच होती ही. मग पुढचं विचारायची काहीच गरज नव्हती, तरी ते तोंडातून गेलं.

"आणि त्यानंतर? बाबा?"

"त्यानंतर तू शाळेत पहिली आलीस," ताई कौतुकानं म्हणाली. "ताईनं बक्षीस द्यायला हवं म्हणून हटून बसलीस."

"ती शेवटच्या वर्षाची गोष्ट, ताई. मी तेव्हा मोठी होते. मधली वर्षं?"

"मधली कुठली?"

तिच्या चेहऱ्यावर काहीही लपवल्याची खूण नव्हती. एक वाक्य संपलं होतं आणि दुसरं सुरू झालं होतं, आणि मध्ये काही असायला हवं होतं हे तिला माहीतच नव्हतं. छोटीच्या हातातला घास तसाच राहिला. तिनं अशी पुस्तकं पाहिली होती. बत्तिसाव्या पानानंतर एकोणपन्नासावं. नुसतं चाळणाऱ्याला कळतही नाही.

तिनं पानं मोजली नव्हती.

"ताई, बाबा मला मारायला यायचे तेव्हा तू कुठे होतीस?"

ताईनं आठवून बघितलं. प्रामाणिकपणे, कपाळाला आठ्या घालून.

"मी तिथे नसेन गं," ती शेवटी म्हणाली. "असते तर मला लागलं नसतं का?"

छोटीच्या पाठीत काहीतरी पेटलं. तिनं हात मागे नेला. कपड्याखाली, उजव्या खांद्यापासून कमरेपर्यंत, बोटाएवढा जाड वळ उमटला होता. ती हात लावत होती तेवढ्यात त्याच्या खाली दुसरा उमटला. खोलीत तिसरं कुणी नव्हतं.

६

ती धावतच तळघरात गेली. कटर धुतलेला होता, फरशी ओली. कटरवाला तुकडे करणाऱ्या यंत्रात शेवटचा गठ्ठा सरकवत होता.

"थांबवा! ताई कुठे आहे?"

"झालं की मॅडम," तो म्हणाला. त्याच्या मनगटावर चाव्याची खूण होती. "काळजी नको. स्कॅन सगळं नीट आलंय. एक पान गेलेलं नाही. बघा."

त्यानं पडदा तिच्याकडे वळवला. छोटीला एकदाच दिसलं. काचेवर दाबून सपाट झालेला पंजा, त्यातली दोन वाकडी बोटं. कटरवाल्यानं पुढचं उघडलं. पांढरा डोळा, पडद्याएवढा मोठा, त्याच्या कडेची प्रत्येक सुरकुती स्पष्ट.

"हवं तेव्हा उघडा, हवं तेवढा वेळ बघा," तो म्हणाला. "कपाटात होतं तेव्हा तरी कुठे इतकं जवळून पाहिलं होतंत?"

"मला बघायचं नाहीये," छोटी म्हणाली. ती हुंदके देत होती. "मला ती दारात उभी हवीय."

कटरवाल्यानं खांदे उडवले. दारात उभं करणं त्याच्या कामात बसत नव्हतं.

तेव्हा बाहेरच्या फाटकाची कडी वाजली. उन्हं अजून चांगली होती, वाचनकक्षात माणसं बसली होती, पंखे फिरत होते. पावलं फाटकातून आत आली. टाच घासत टाकलेली, घाई नसलेली. खोल्यांकडे जाणाऱ्या बाहेरच्या जिन्याच्या तळाशी ती थांबली. कुणीतरी खाकरलं. मग ते ऐकू आलं, चामडं एकेका आकड्यातून सुटत गेल्याचं. सरसर.

छोटी आतल्या जिन्यानं वर पळाली. पायऱ्या नेहमीपेक्षा उंच वाटत होत्या, कठडा हाताला पोचेना. दार ढकलून ती आत पडली.

"ताई! ताई, ते आले!"

ताई खिडकीशी केस विंचरत होती. "कोण?"

"बाबा!"

ताईनं कान दिला. पावलं जिना चढत होती. तिच्या सुंदर, व्रण नसलेल्या चेहऱ्यावर भीती पसरली. साधी, कुणालाही वाटेल अशी भीती. छोटी तिच्या मागे गेली आणि तिचा कपडा मुठीत धरून तिथे लपली. ताईच्या पाठीला तिनं कपाळ टेकवलं.

ताईनं कपडा हळूच सोडवून घेतला. ती आतल्या खोलीत गेली आणि तिनं आतून कडी लावली.

"छोटे," दारापलीकडून तिचा मऊ आवाज आला, "डोळे सांभाळ हं."

छोटीनं त्या दारावर मुठी आपटल्या. ताईच्या नावानं, आईच्या नावानं हाका मारल्या. तिचा आवाज चिरका झाला होता, पोरीचा. मग बाहेरच्या दाराच्या चौकटीवर चार बोटं आली, आणि त्यामागे मनगटाशी नीट बटण लावलेली बाही.

ती भिंतीला टेकून खाली बसली आणि दोन्ही हात तिनं चेहऱ्यावर घेतले. पण ते हात फार लहान होते. त्यांत दोन्ही डोळे मावेनात. मग तिनं उजवा तेवढा झाकून घेतला.